उन्हात न ठेवायचा देव

कोळवण खोऱ्यात कुणाची सुपारी फुटायची असली की घरची माणसं दोन गोष्टींना जपतात. नारळ नासका निघू नये, आणि सगुणाबाईला बातमी लागू नये. बातमी लागतेच. मग बोलावणं नसताना ती दारात येते, कुणी या म्हटलं नाही तरी जोत्यावर बसते आणि चारचौघांत विचारते, "पोरगी मामाची, का परक्याची?"

"मामाचीच हाय," असं उत्तर आलं की लगेच पुढचा प्रश्न, "दोनी घरांत कुणी पांढरं, मुकं, बहिरं जन्माला आलं व्हतं का? नीट आठवा. झाकू नका."

लोक तिला फटकळ म्हणतात. भरल्या घरात अपशकून करते म्हणतात. म्हणोत. पण तोंड भरून म्हणायच्या आधी त्यांनी एकदा हे ऐकावं, की ही बाई अशी झाली कशी. जन्मतः ती अशी नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा सासूसमोर तिचा आवाजही फुटत नव्हता.

सगुणाबाईचं माहेर मुळशीच्या धरणाकाठी. जुनं गाव तिच्या जन्माआधीच पाण्याखाली गेलं होतं. माणसं जिकडे वाट फुटली तिकडे पांगली. तिचे वडील कोंडीबा आणि तिची आजी मात्र लांब गेली नाहीत. देव पाटीत घालून ती पाटी डोक्यावर घेऊन आजी चढावर आली आणि तिथेच त्यांनी खोपट घातलं. त्या पाटीत टाक होते. घरातली गेलेली माणसं चांदीच्या लहानशा पत्र्यावर ठोकून देवांच्या ओळीत बसवतात, ते टाक. सगळे घोड्यावर बसलेले, हातात तलवार. एकच टाक वेगळा होता. बोटाच्या पेराएवढा, ना घोडा ना तलवार, नुसतं एक मूल उभं. त्याला घरात बाळदेव म्हणत.

सणाच्या आदल्या दिवशी आजी आणि सगुणा चिंच-राख लावून टाक घासायच्या, धुवायच्या आणि सुपात मांडून अंगणात उन्हाला ठेवायच्या. बाळदेव तेवढा आजी उचलून पडवीत ठेवायची.

"ह्याला उनात न्हाई ठेवायचा."

"का गं आजे?"

"सोसत न्हाई त्याला."

"देवाला ऊन सोसत न्हाई व्हय?"

"न्हाई सोसत. लई बोलू नगं. घास."

पोरीने मान डोलावली. घरोघरी असल्या रिती असतात, कुणी विचारत बसत नाही. आजी गेली तरी रीत राहिली. सगुणानंतर ती तिच्या धाकट्या बहिणीने, कमळने उचलली.

सगुणा वयात आली तशी कोंडीबाची थोरली बहीण तानुबाई कोळवणहून खिंड चढून आली. तिचा मुलगा भैरू लग्नाचा होता. "माज्या भावाची पोर दुसऱ्याच्या दारात का जावी?" एवढंच ती म्हणाली आणि लग्न ठरलं. पत्रिका कुणी पाहिली नाही, चौकशी कुणी केली नाही. घरातल्या घरात काय चौकशी करायची? सगुणा आत्याकडेच नांदायला गेली. आत्या सासू झाली तरी पहिली दोन वर्षं तिने भाचीला भाचीसारखंच वागवलं, हे खोटं का सांगा.

मग मुलगी झाली.

सुईणीचं काम करायला साळूबाई आली होती. तिने पोर हातात घेतली आणि दिवा जवळ आणायला सांगितला. केस म्हातारीच्या केसांसारखे पांढरे. पापण्यासुद्धा पांढऱ्या. अंग दुधाच्या सायीसारखं. दिवा जवळ आला तसं पोरीने डोळे घट्ट मिटून घेतले. तानुबाईने एकदा वाकून पाहिलं. तिचा चेहरा क्षणभर असा झाला, की साळूबाईला वाटलं ही आता पोर उराशी धरते. पण ती मागे सरली, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "हे आमच्यातलं न्हाई."

हे एक वाक्य. बाळंतिणीला अजून गरम पाणीसुद्धा मिळालं नव्हतं.

पुढचं गावानेच केलं. पाणवठ्यावर बायका सगुणाच्या घागरीकडे बघून बोलायच्या.

"मायेर धरणाकाठी न्हवं का हिचं?"

"व्हय की. तितं बंगल्यावर सायेब लोक असत्यात म्हणं, गोरंपान."

"नशीबवान बाई. घरबसल्या मडमीण मिळाली!"

आणि हसायच्या. सगुणा घागर भरायची आणि चालू लागायची. बारशाला आत्याने बाळाच्या कानात नाव सांगायचं असतं. भैरूची बहीण आजारपणाचं निमित्त करून आलीच नाही. सगुणाने स्वतःच पोर पाळण्यात घातली आणि स्वतःच कानात कुर्र केलं. भागू नाव ठेवलं.

भैरू काय करत होता, असं कुणीही विचारील. भैरू गप्प बसत होता. त्याने बायकोवर हात उगारला नाही, तो तिला टाकून बोलला नाही, आणि गावात त्याला त्यासाठी शहाणा म्हणत. पण आपल्या बायकोच्या अब्रूवर गाव थुंकत असताना जो विडी ओढत गोठ्यात बसून राहतो, त्याला शहाणा म्हणणाऱ्यांना हात जोडावेत, दुसरं काय!

तानुबाईचं तोंड मात्र बंद नव्हतं. गेल्या जन्मीचं पाप. गरोदरपणी ग्रहणात काहीतरी चिरलं असेल. देवाचा कोप. जगात कुणालाही कशाचाही अर्थ लागला नाही की तो देवाच्या माथी मारायचा आणि देवाने खाली ढकलून तो बाईच्या माथी मारायचा, ही कुठली भक्ती? रोज देवासमोर निरांजन लावणाऱ्याला तरी हा देव ओळखू येत नाही. ज्याने ते लेकरू घडवलं, तोच त्याच्यावर कोपलाय म्हणे!

एक दिवस जेवण वाढता वाढता तानुबाई म्हणाली, "सुगी झाली की भैरूला दुसरी करायची."

सगुणाने हातातली वाटी खाली ठेवली. "कुणाला आणताय?"

"परकी कशाला? आपली कमळ हाय की. घरातली घरात. तूबी ऱ्हाशील, तुला काय कुणी हाकलत न्हाई. श्यात करशील, ढोरं बघशील. कमळला चांगली पोरं व्हतील."

दुसरं लग्न करायला कायद्याने बंदी होऊन एक-दोन वर्षं झाली होती. पण कायदा राहायचा पौडला, कचेरीत. खिंड चढून तो कधी आला नव्हता. निरोप माहेरी गेला आणि कोंडीबानेही नाही म्हटलं नाही. थोरल्या बहिणीसमोर त्याने उभ्या जन्मात नाही म्हटलं नव्हतं. शिवाय एका लेकीने घराला बट्टा लावला, तर दुसरी देऊन तो पुसावा, असा त्या भल्या माणसाचा विचार. कमळचं वय तेव्हा झाडावर चढायचं. तिला कुणी काही विचारलंच नाही.

सगुणाला स्वतःचं काय होणार याचं फार वाटलं नाही. तिला रात्रंदिवस एकच दिसायचं, कमळ ह्याच घरात, ह्याच खाटेवर, आणि भिंतीकडे तोंड करून उभी असलेली आत्या.

आवण लावायचे दिवस आले. चिखलात भाताचं रोप लावायला घरातलं प्रत्येक माणूस लागतं. "पोर बांधावर टाक आन ये," असं तानुबाईने फर्मावलं. पाऊस मध्येच उघडला, ढगातून ऊन आलं आणि सगुणाला ओळ सोडता येईना. ती बांधावर पोचली तोवर भागूच्या गालाकपाळावर भाजल्यासारखे फोड आले होते. त्या दिवशी सगुणाने पहिल्यांदा कुणाला विचारलं नाही. चिखलाच्या पायांनी पोर पदराखाली घेतली आणि पौडची वाट धरली.

पौडच्या दवाखान्यात बाजाराच्या दिवशी पुण्याहून एक डॉक्टरीणबाई यायच्या. त्यांनी फोडांना मलम लावलं, भागूच्या डोळ्यांसमोर बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "हिला उन्हात अजिबात ठेवू नका. सोसत नाही या मुलांना."

सगुणाच्या कानात कुठेतरी काहीतरी वाजलं, पण काय ते तिला उमगेना.

"बाई, हे पाप कशाचं वो?"

"पाप?" डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "नवरा नात्यातला का तुमचा?"

"आत्याचा ल्योक."

"मग ऐका. वरणात हळद कोण घालतं तुमच्याकडे?"

"मीच घालते, बाई."

"असं समजा, की माणसाच्या अंगात रंगासाठी हळदीच्या दोन पुड्या असतात. एक आईने दिलेली, एक बापाने दिलेली. त्यातली एक भरलेली असली तरी वरण पिवळं होतं. दुसरी पुडी रिकामी होती हे त्या माणसालाही कळत नाही, जगालाही नाही. आता तुमच्याकडे एक भरलेली, एक रिकामी. नवऱ्याकडेही तशीच. मुलाला प्रत्येकाने एकच पुडी द्यायची, आणि कुठली जाईल ते कुणाच्या हातात नसतं. दोघांकडूनही रिकामी गेली की वरण पांढरं."

"म्हंजी निम्मं माजं आन निम्मं त्येंचं?"

"बरोब्बर निम्मं निम्मं. एकटीचं असतं तर मुलगी काळीसावळी झाली असती. विरजणातले डोळ्यांना न दिसणारे जीवसुद्धा आपला गुण पुढच्या जिवाला देऊन जातात, म्हणून आंबट विरजणाचं दही आंबट होतं. भात तेच करतो, माणूस तेच करतो. आणि रिकामी पुडी नात्यात पिढ्यान्‌पिढ्या फिरत असते. नात्यातच लग्न केलं, की दोन रिकाम्या एकत्र यायची शक्यता फार वाढते. तुमच्या दोघांचं मूळ घर एकच. तिथे पूर्वी कुणी असं होतं का?"

"न्हाई, बाई."

"नीट विचारा घरी. आणि पुढच्या मुलाची धास्ती घेऊ नका. चारांत एक असा हा डाव असतो."

"माज्या भनीला त्याच घरात द्याची म्हणत्यात."

डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबल्या. "त्याच नवऱ्याला? अहो, तिच्याकडेही ती रिकामी पुडी असू शकते. असेलच असं नाही. पण चांगली मुलं व्हावीत म्हणून जर तिला देत असतील, तर शहाणपण कुठे गहाण टाकलंय त्यांनी?"

परतीच्या वाटेवर सगुणाला भाताचं रोप आठवलं. दरवर्षी हिरव्यागार रोपात चार-दोन कोंब पांढरे निघतात. हिरव्या ताटाचंच बी असतं ते. म्हणून कधी कुणी शेताला छिनाल म्हटलं होतं? उलट बी थकलं म्हणून तानुबाईच पलीकडच्या खोऱ्यातून नवं बी आणवायची. भाताचं बी परक्याकडून चालतं, आणि पोरगी तेवढी घरातलीच हवी. सगुणाचे पाय भराभर पडायला लागले. डोळ्यांत पाणी होतं, पण ते रडण्याचं नव्हतं.

सुपारीचा दिवस ठरला. तानुबाई, भैरू आणि मध्यस्थ म्हणून गावचे वाल्मीकतात्या खिंड ओलांडून मुळशीला निघाले. सगुणाला घरीच राहायला सांगितलं होतं. ती भागूला घेऊन मागोमाग निघाली.

ती माहेरच्या अंगणात शिरली तेव्हा घरात बैठक जमली होती. कार्य म्हणून कमळने सकाळी टाक घासले होते. सुपात मांडलेले घोडेस्वार अंगणात उन्हाला चमकत होते, आणि पडवीच्या सावलीत, एका पानावर, बाळदेव एकटाच वाळत होता.

सगुणा तिथेच थबकली. सोसत नाही या मुलांना. सोसत न्हाई त्याला.

तिने टाक उचलला. एका कडेवर भागू, दुसऱ्या मुठीत देव, अशी ती थेट बैठकीत जाऊन उभी राहिली.

"आबा, ह्यो बाळदेव कोण?"

कोंडीबा गडबडला. "देव हाय आपला."

"नाव काय त्याचं? आन त्याला ऊन का सोसत न्हाई?"

"सगुणे!" तानुबाई ओरडली. "देवाच्या गोष्टी असल्या येळंला काढत्यात व्हय?"

"असल्याच येळंला काढत्यात, आत्या. तुमाला ठावं हाय म्हणून तर तुमी वरडताय."

"पोरी, शुभकार्य हाय," वाल्मीकतात्या मध्ये पडले. "देव देवाच्या जागी ठिव, सुपारी फुटू दे, मग काय ती चर्चा—"

"तात्या, गप बसा वाईच. तुमाला लाडूच खायाचा तर मी घरी करून घालते."

तिने भागूला खाली बसवलं आणि तिच्या मांडीवर तो टाक ठेवला. "सांगा, आबा. तुमच्या नातीकडं बघून सांगा."

कोंडीबाने पोरीकडे पाहिलं. जन्मल्यापासून त्याने तिला नीट पाहिलंच नव्हतं, जनलाजेने. भागूने टाक तोंडात घातला. म्हाताऱ्याचा चेहरा सैल पडला.

"देवू," तो म्हणाला. "माजा पाठचा भाऊ. असाच व्हता. केस असंच, डोळं असंच मिचकवायचा. जुन्या गावात. तानूच त्याला कडंवर घिऊन हिंडायची, डोक्यावर पदर धरून. धा वर्सांचाबी झाला न्हाई. तापानं गेला."

तानुबाई जमिनीकडे बघत होती.

"आयनं बजावलं व्हतं," ती शेवटी म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम लहान मुलीचा झाला. "सासरी बोलायचं न्हाई. कळलं तर टाकून देतील म्हणली." मग लगेच मान वर करून, "पर त्यो देव व्हता! आमच्या घरी देव आला व्हता!"

"व्वा, आत्या!" सगुणाचा आवाज साऱ्या आळीला गेला असेल. "तुमच्या आयच्या पोटी आला तर देव, आन माज्या पोटी आला तर पाप? त्याला चांदीत मढवून पुजताय, आन हिला बांधावर उनात टाकाय लावलंत? आमच्यातलं न्हाई म्हणलात. मंग कुणाच्यातलं? रक्त तुमचं, भाऊ तुमचा, त्याच्या डोक्यावर पदर तुमचा! पानवठ्यावर बाया मला सायबाची म्हणत व्हत्या, तवा तुमाला त्यो आठवला न्हाई?"

भैरूने पहिल्यांदा तोंड उघडलं. "मंग... माज्यातबी हाय ते?"

"निम्मं तुमचं हाय. डाक्टरीणबाईनं सांगितलं. निम्मं माजं, निम्मं तुमचं. तुमच्या आयकडनं आलंय. आन माज्या बाकडनं आलेलं कमळकडंबी आसल. मंग चारांत एक पोर आसं व्हतं म्हणली. आना तिला, करा लगीन. दुसरा बाळदेव जन्माला घाला आन पुन्यांदा म्हणा, बाईचं पाप!"

"पर डाक्टरीण म्हणली का चारांत एक?" वाल्मीकतात्यांनी तेवढंच बरोबर उचललं. "मंग एक तर झालं की! आता वळीनं तीन चांगली."

"न्हाई, तात्या. दर येळंला डाव नवा. फाश्याला मागचं दान ध्यानात ऱ्हातं का?"

तात्या डोकं खाजवू लागले. एवढ्यात आतल्या दारातून कमळ आली. नव्या लुगड्यात ती पाच वर्षांनी मोठी दिसत होती. कुणाच्या परवानगीची वाट न बघता ती तिच्यासाठी मांडलेल्या पाटापर्यंत गेली, पाट उचलला आणि भिंतीला उभा करून ठेवला.

"अक्काच्या उरावर मी न्हाई बसायची," ती म्हणाली आणि भागूला उचलून सावलीत घेऊन गेली.

कोंडीबाने नारळ परत पाटीत ठेवला. उभ्या जन्मात बहिणीला नाही म्हणायची ही त्याची पहिली वेळ, आणि तीही त्याने शब्दाने म्हटली नाही. पण म्हटली.

निघताना त्याने सगुणाला चोळीचा खण दिला. तिने तो परत केला. "हे नगं, आबा. मला बाळदेव द्या."

"कुळाचा देव लेकीच्या सासरी जात न्हाई, बाय."

"भाऊ भनीच्या घरी जातो का न्हाई?"

कोंडीबाने टाक उचलून तिच्या हातावर ठेवला. खिंडीतून उतरताना भागूच्या डोक्यावर सगुणाचा पदर होता आणि भागूच्या मुठीत तो टाक. घरी आल्यावर सगुणाने तो सासूच्या देव्हाऱ्यात, पुढच्या ओळीत मांडला. "आत्या, तुमचा भाऊ आलाय," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तानुबाईने सगळ्या देवांना गंध लावलं आणि त्यालाही लावलं.

पण माफी? माफी तिने मागितली नाही. पाणवठ्यावरच्या एकाही बाईने मागितली नाही. पुढे सगुणाला दोन मुलगे झाले, काळ्याभोर केसांचे, तेव्हा त्याच बायका म्हणाल्या, "बघ, आता देव पावला!" सगुणाने घागर खाली ठेवून विचारलं, "आन भागूच्या येळंला कोण पावलं व्हतं?" तेव्हापासूनच लोक तिला फटकळ म्हणायला लागले. कमळ दुसऱ्या खोऱ्यात, कुठलंही नातं नसलेल्या घरी पडली. तिची पोरं सावळी, गोंडस आणि महा खोडकर आहेत.

भागू आता शाळेत जाते. फळा तिला लांबून दिसत नाही, म्हणून पुढे बसते, आणि खिडकीतून ऊन आलं की उठून जागा बदलते. पोरं तिला म्हातारी म्हणून चिडवतात. ती त्यांना पाढे म्हणायला लावते आणि चुकले की हसते.

गेल्या दिवाळीच्या आदल्या दिवशी तानुबाई देव घासत होती. आता तिचे हात थरथरतात, तरी हे काम ती कुणाला करू देत नाही. सगळे टाक सुपात मांडून तिने अंगणात ठेवले आणि एक उचलून पडवीच्या सावलीत आणला. तिथे भागू बसली होती.

"आजे, ह्याला उनात का न्हाई ठेवायचा?"

तानुबाई थांबली. "तुज्या आयला विचार," ती म्हणाली.

चुलीपाशी सगुणा करंज्यांचं पीठ मळत होती. हात तसेच पिठाने भरलेले ठेवून ती उठली आणि उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"न्हाई, आत्या. ज्यांचा हाय त्येनीच सांगायचं."

आत पीठ वाळत होतं, चुलीतलं लाकूड धुमसत होतं. सगुणा जागची हलली नाही. तानुबाईने सुनेकडे पाहिलं, अंगणातल्या उन्हाकडे पाहिलं, आणि मग भागूशेजारी हळूच टेकली.

"त्याचं नाव देवू," ती म्हणाली. "माजा भाऊ. तुज्यावानीच व्हता गं, अगदी तुज्यावानी."